मोबाईलच्या पडद्याचा निळा प्रकाश आणि शेतकऱ्याचे डोळे

गेल्या काही वर्षांत मोबाईल फोन हे शेतकऱ्याचे नित्याचे अवजार होऊन बसले आहे. बाजारभाव पाहणे, हवामानाचा अंदाज घेणे, सातबाराचा उतारा काढणे, तसेच २०२१ सालापासून ई-पीक पाहणीची नोंद स्वतःच्या हाताने करणे, ही कामे आता बांधावर उभे राहून होऊ लागली आहेत. ज्या वस्तूचा वापर वाढतो तिच्याविषयी ज्ञान पसरते, त्याचबरोबर गैरसमजही पसरतात. मोबाईलच्या पडद्यातून निघणारा निळा प्रकाश डोळे जाळतो, त्याने मनुष्य हळूहळू आंधळा होतो, व त्यापासून बचाव करावयाचा तर विशिष्ट प्रकारचा चष्मा घेतलाच पाहिजे, अशी समजूत आज खेडोपाडी रूढ होऊ लागली आहे.

ही समजूत केवळ चुकीची असती तर तिची दखल घेण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु तिच्यामुळे दुहेरी नुकसान होते. एक तर अनावश्यक वस्तूवर पैसा खर्च होतो. दुसरे व अधिक गंभीर नुकसान असे की, नजर मंदावलेला मनुष्य सारा दोष मोबाईलच्या माथी मारून स्वस्थ बसतो आणि मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने डोळ्यांत होणारा विकार तपासावयाचा राहून जातो. यास्तव निळ्या प्रकाशाने नेमके काय होते व काय होत नाही, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

या विवेचनात फोनच्या प्रकाशमान काचेस 'पडदा' असे म्हटले असून, डोळ्याच्या आतील ज्या पडद्यावर प्रतिमा उमटते त्यास 'दृष्टिपटल' हा शब्द योजिला आहे.

निळा प्रकाश म्हणजे काय?

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसत असला तरी तो अनेक रंगांचा मिळून झालेला असतो, हे पावसाळ्यातील इंद्रधनुष्यावरून सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रकाश हा लहरींच्या रूपाने प्रवास करतो. या लहरींची लांबी अत्यंत सूक्ष्म असल्याने ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. मानवी डोळ्यास सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. त्यांपैकी तांबड्या प्रकाशाच्या लहरी सर्वांत लांब, तर जांभळ्या व निळ्या प्रकाशाच्या लहरी आखूड असतात. साधारणतः ४०० ते ५०० नॅनोमीटर या पट्ट्यास निळा प्रकाश असे संबोधिले जाते. त्याहूनही आखूड लहरींचे किरण डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांना अतिनील किंवा जंबुपार किरण म्हणतात. लहर जितकी आखूड तितकी तिच्यातील ऊर्जा अधिक, असा हा नियम आहे.

प्रकाशाच्या रंगाचा सजीवांवर परिणाम होतो, ही गोष्ट शेतकऱ्यास नवीन नाही. खिडकीजवळ ठेवलेले रोप उजेडाकडे वाकते, ते प्रामुख्याने प्रकाशातील निळ्या भागामुळे. हुमणीचे भुंगेरे पकडण्यासाठी पहिल्या पावसानंतर प्रकाश सापळे लावतात, त्यामागेही कीटकांचे डोळे निळ्या व अतिनील किरणांकडे अधिक ओढले जातात हेच तत्त्व आहे. तेव्हा मनुष्याच्या शरीरावरही प्रकाशाच्या रंगाचा परिणाम व्हावा, यात नवल नाही. तो परिणाम कोणता व किती, हाच खरा प्रश्न आहे.

मोबाईलच्या पडद्यात निळा प्रकाश का असतो, हेही समजून घेतले पाहिजे. पूर्वीचा दिवा वा कंदील जळून प्रकाश देत असे, आणि त्याचा प्रकाश पिवळसर-तांबूस असे. आजचा एल.ई.डी. दिवा जळत नाही. त्यातील अर्धवाहकाच्या चकतीतून वीज गेली म्हणजे मुळात निळा प्रकाश निघतो, आणि त्यावर दिलेल्या पिवळ्या प्रकाश देणाऱ्या लेपामुळे त्याचा एकूण प्रकाश पांढरा दिसतो. असा निळा दिवा तयार करण्याची कला १९९० नंतरच्या काही वर्षांत साध्य झाली. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. घरातील पांढरा दिवा, हातातील विजेरी आणि मोबाईलचा पडदा ही सर्व याच शोधाची अपत्ये होत. म्हणूनच या सर्वांच्या प्रकाशात सुमारे ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्या रंगाचे प्रमाण ठळकपणे आढळते.

भीतीचे मूळ कोठे आहे?

निळ्या प्रकाशाविषयीची भीती अगदीच निराधार नाही. १९६६ साली व्हर्नर नोएल या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, सतत अनेक तास प्रकाशात ठेवल्याने त्यांच्या दृष्टिपटलातील पेशी नाश पावतात. १९७६ साली विल्यम हॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून असे सिद्ध केले की, तांबड्या प्रकाशापेक्षा निळ्या प्रकाशाने दृष्टिपटलास इजा होण्यास पुष्कळच कमी ऊर्जा पुरते. ग्रहणाच्या वेळी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून पाहणाऱ्यांच्या नजरेच्या मध्यभागी कायमचा डाग पडतो, तो मुख्यतः याच प्रकारच्या रासायनिक इजेमुळे. पुढे २०१८ साली अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात प्रयोगशाळेतील पेशींवर निळा प्रकाश टाकून केलेल्या प्रयोगाची वार्ता जगभर पसरली आणि 'मोबाईलने आंधळेपणा येतो' असा तिचा अर्थ लावला गेला. त्या प्रयोगातील पेशी जिवंत माणसाच्या डोळ्यातील नव्हत्या व त्यांवर टाकलेला प्रकाश मोबाईलचाही नव्हता. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने त्याच वर्षी तसा खुलासा केला. परंतु वार्ता जितकी दूर गेली तितका खुलासा गेला नाही.

येथे मात्रेचा विचार महत्त्वाचा ठरतो. युरिया हे खत होय. तो योग्य प्रमाणात दिला असता पीक तरारते, आणि तोच मूठभर रोपाच्या बुंध्याशी टाकला तर रोप करपते. एवढ्यावरून युरिया हे विष आहे असे कोणी म्हणत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रखर निळा प्रकाश दृष्टिपटलास इजा करू शकतो हे खरे. पण मोबाईलच्या पडद्यातून तेवढा प्रकाश मिळतो काय, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

पडद्यातून किती प्रकाश येतो?

एखाद्या जागी पडणारा प्रकाश 'लक्स' या मापाने मोजतात. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्या शेतात सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. त्याच वेळी झाडाच्या सावलीत बसले तरी तो काही हजार लक्स भरतो. घरात दिवा लावल्यावर सामान्यतः १०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. मोबाईलचा पडदा हातभर अंतरावर धरला असता डोळ्यांपर्यंत पोहोचणारा त्याचा प्रकाश १०० लक्सही भरत नाही.

याचा पडताळा शेतकऱ्यास स्वतःच घेता येईल. भर उन्हात ई-पीक पाहणीसाठी फोन काढला की पडद्यावरील अक्षरे दिसेनाशी होतात, आणि हाताची सावली धरून ती वाचावी लागतात. पडद्याचा प्रकाश बंद झालेला नसतो. सूर्यप्रकाशापुढे तो इतका फिका असतो की डोळ्यांस तो जाणवतच नाही. सूर्यप्रकाशातही निळा प्रकाश भरपूर असतो. आकाश निळे दिसते तेच मुळी सूर्यकिरणांतील निळा भाग हवेत सर्वत्र विखुरला गेल्यामुळे. २०१६ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतील शास्त्रज्ञांनी दिवे, संगणक व मोबाईल यांच्या पडद्यांतील निळा प्रकाश मोजून पाहिला. तो दीर्घकाळ पाहिला तरी आंतरराष्ट्रीय सुरक्षिततेच्या मर्यादेच्या आतच राहतो, आणि उघड्या आकाशाकडे पाहताना डोळ्यांस मिळणाऱ्या निळ्या प्रकाशाहून तो कमी असतो, असे त्यांना आढळून आले.

म्हणजे ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर उघड्या आकाशाखाली काम केले, त्याच्या डोळ्यांना पडद्याच्या निळ्या प्रकाशाने जाळण्याचे भय धरण्याचे कारण नाही. मोबाईलच्या प्रकाशाने मनुष्याचे दृष्टिपटल खराब झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

झोपेवर होणारा परिणाम

तथापि मोबाईलचा प्रकाश सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ करू नये. त्याचा खरा परिणाम दृष्टीवर नसून झोपेवर होतो.

मनुष्याच्या शरीरात दिवस-रात्रीचा मेळ राखणारे एक अंतर्गत घड्याळ असते. या घड्याळाच्या घडणीचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ रोजच्या रोज जुळविण्याचे काम प्रकाश करतो. वस्तू पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज दृष्टिपटलात आणखी काही पेशी अशा असतात की, त्यांचे काम केवळ 'बाहेर दिवस आहे की रात्र' हे मेंदूस कळविण्याचे असते. त्या २००२ साली निश्चितपणे ओळखल्या गेल्या. त्यांच्यातील मेलॅनॉप्सिन हे द्रव्य सुमारे ४८० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाने सर्वाधिक उद्दीपित होते. निळा प्रकाश मिळाला की या पेशी मेंदूस 'दिवस आहे' असा निरोप धाडतात, आणि अंधार पडल्यावर शरीरात पाझरणारे व झोपेची तयारी करणारे मेलॅटोनिन हे द्रव्य रोखले जाते.

शेवंतीची लागवड करणाऱ्यास हे उदाहरणाने सहज पटेल. शेवंतीस फुले येण्यासाठी दीर्घ रात्र लागते. हरितगृहात मध्यरात्री काही वेळ दिवे लावले तर झाडास रात्र पुरेशी लांब वाटत नाही व फुलोरा लांबतो. फरक इतकाच की, झाडाची रात्र मुख्यतः तांबड्या प्रकाशाने मोडते आणि माणसाची निळ्या प्रकाशाने. कुक्कुटपालन करणारेही अंड्यावरील कोंबड्यांना दिवसाचा प्रकाश धरून एकूण १६ तास उजेड देतात, तो याच कारणासाठी. प्रकाशाने शरीराचे वेळापत्रक बदलते, हेच या सर्वांचे मर्म होय.

अमेरिकेतील बोस्टन येथील एका रुग्णालयात केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर, व नंतर तितक्याच रात्री छापील पुस्तकावर वाचावयास दिले. काहींच्या बाबतीत हा क्रम उलट होता. पडद्यावर वाचल्यानंतर त्यांच्या शरीरातील मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक घटले, झोप लागण्यास सुमारे १० मिनिटे अधिक लागली, आणि शरीराचे घड्याळ दुसऱ्या दिवशी सुमारे दीड तास मागे पडले. यात पडदा पूर्ण तेजाचा होता व खोलीत प्रकाश मंद होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. दुसऱ्या बाजूस, स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात २०१६ साली केलेल्या प्रयोगात असे दिसले की, दिवसा भरपूर प्रकाशात राहिलेल्या व्यक्तींच्या झोपेवर संध्याकाळी दोन तास पडद्यावर वाचल्याने विशेष परिणाम झाला नाही. दिवसभर उन्हात राबणाऱ्यास ही गोष्ट निश्चितच आश्वासक आहे.

परंतु प्रकाशापेक्षाही प्रबळ असे दुसरे कारण आहे. पडद्यावर एकामागून एक चित्रफिती येत राहतात, मन गुंतत जाते आणि दहाचे बारा केव्हा वाजतात ते कळत नाही. शेतीकामाची पहाट मात्र कोणासाठी थांबत नाही. गोठ्यातील जनावरे वेळेवर हंबरतात, आणि जेथे कृषिपंपास रात्रपाळीने वीज मिळते तेथे पाणी देण्यास मध्यरात्री उठावेच लागते. अपुऱ्या झोपेने आलेली गुंगी घेऊन कडबाकुट्टीत वैरण सारणे, मळणीयंत्रावर उभे राहणे किंवा ट्रॅक्टर चालविणे किती धोक्याचे आहे, हे सांगावयास नको. निळ्या प्रकाशाची खरी किंमत शेतकऱ्याचा डोळा नव्हे, तर त्याचा हात देण्याचा प्रसंग आणू शकते.

डोळे का शिणतात?

बराच वेळ मोबाईल पाहिल्यावर डोळे चुरचुरतात, पाणी येते, कपाळ ठणकते व क्षणभर दूरचे अंधुक दिसते. हा त्रास खरा आहे, परंतु त्याचे कारण निळा प्रकाश नव्हे.

मनुष्य स्वस्थ असताना मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो, आणि दर वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. परिणामी अश्रूंचा थर वाळतो व बुबुळ कोरडे पडते. पंख्याचा वारा, चुलीचा धूर व शेतातील धूळ यांनी त्यात भर पडते. दुसरे कारण असे की, जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू सतत आवळून धरावा लागतो. सारा दिवस एकाच हाताने पाटी उचलून धरल्यास जसा तो हात भरून येतो, तसाच हा स्नायूही थकतो.

वयाच्या चाळिशीनंतर हे भिंग ताठर होते व जवळचे वाचता येईनासे होते. यालाच लोक चाळिशी लागली असे म्हणतात. मोबाईल नव्हता तेव्हाही चाळिशी लागतच होती. असा मनुष्य फोन लांब धरून, डोळे ताणून वाचू लागला की त्याचे डोके दुखते आणि दोष मात्र फोनला मिळतो. त्याला वाचण्याच्या साध्या चष्म्याची गरज असते, एवढेच.

हा शीण विश्रांतीने नाहीसा होतो. त्याने डोळ्यांस कायमची इजा होत नाही. दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद, २० फुटांपलीकडील एखाद्या वस्तूकडे पाहावे, असा सोपा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. शेतकऱ्यास त्यासाठी दूर जावे लागत नाही. मान वर करून बांधावरील झाडाकडे पाहिले तरी पुरे.

मुलांचे डोळे

लहान मुलांच्या बाबतीत मात्र अधिक दक्षता बाळगली पाहिजे. मुलाचा डोळा वाढीच्या वयात असतो. त्या वयात डोळ्याचा गोल प्रमाणापेक्षा लांबट वाढल्यास दूरचे अंधुक दिसू लागते. यास लघुदृष्टी म्हणतात. सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वेळ राहणे, या दोन्ही गोष्टींचा तिच्याशी संबंध आढळतो. लघुदृष्टी फार वाढल्यास पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटून येण्याचाही धोका वाढतो.

चीनमधील ग्वांगझू शहरात प्राथमिक शाळेच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर खेळू दिले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत अशा शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना ती आली. मोकळ्या जागेतील लख्ख उजेड मुलाच्या डोळ्याची वाढ योग्य मर्यादेत ठेवतो, असा याचा अर्थ आहे. ज्या दिवसाच्या प्रकाशात निळा भाग भरपूर असतो, तोच प्रकाश मुलांच्या डोळ्यांस हितकर ठरतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खेड्यातील मुलास अंगण, शेत व मैदान विनामूल्य उपलब्ध असताना, ते रडू नये म्हणून त्याच्या हाती मोबाईल देऊन त्यास खोलीत बसविणे हे त्याचे नुकसान करण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, व दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये.

शाळेतील फळा दिसत नाही, मूल दूरदर्शनच्या अगदी जवळ जाऊन बसते किंवा डोळे बारीक करून पाहते, अशी चिन्हे दिसताच त्याची नजर तपासून घ्यावी.

निळा प्रकाश अडविणारे चष्मे

निळा प्रकाश अडवितो असे सांगून जादा दराने विकल्या जाणाऱ्या चष्म्यांचा मोठा बोलबाला आहे. या चष्म्यांवर निरनिराळ्या देशांत झालेल्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे त्यात दिसून आले नाही, आणि झोप सुधारते असेही खात्रीने म्हणता आले नाही. या काचा निळ्या प्रकाशाचा थोडाच भाग अडवितात, हेही एक कारण आहे.

फोनमधील रात्रीच्या पिवळसर प्रकाशाची सोय वापरण्यास हरकत नाही, कारण तिला वेगळा पैसा पडत नाही. पण केवळ रंग पिवळा करून मध्यरात्रीपर्यंत फोन पाहत राहणे म्हणजे बांधाला भगदाड असताना पाटाचे तोंड लहान करण्यासारखे आहे. पडद्याचे तेज कमी करणे आणि ठराविक वेळेस फोन बाजूस ठेवणे, हाच खरा उपाय होय.

शेतकऱ्याच्या डोळ्यांचे खरे शत्रू

ज्या काळजीने मोबाईलच्या प्रकाशाकडे पाहिले जाते, तीच काळजी पुढील गोष्टींकडे वळविल्यास अनेकांची दृष्टी वाचेल.

पहिली गोष्ट उन्हातील अतिनील किरणांची. हे किरण मोबाईलच्या पडद्यातून येत नाहीत; ते सूर्यापासून येतात. वर्षानुवर्षे त्यांचा मारा झाल्याने मोतीबिंदू होण्यास मदत होते, तसेच नाकाकडील बाजूने बुबुळावर मांसल पडदा वाढू लागतो. २०१५ ते २०१९ या काळात देशात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीवरील लोकांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. मोतीबिंदूचे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होते, म्हणून ते सोसत राहणे ही केवढी हानी आहे याची कल्पना येईल. अतिनील किरणांपासून बचावासाठी रुंद कडेची टोपी किंवा डोळ्यांवर सावली येईल असे बांधलेले उपरणे, व शक्य तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारा चष्मा उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट डोळ्यास होणाऱ्या इजेची. उसाचे पाते, भाताचे कूस, मळणीच्या वेळी उडणारा भुसा किंवा काटेरी फांदी यांनी बुबुळावर ओरखडा उठतो व त्यातून बुरशीचा शिरकाव होतो. प्रारंभी केवळ खुपल्यासारखे वाटते. पण काही दिवसांत बुबुळावर जखम होऊन शेवटी फूल पडते आणि नजर कायमची जाते. अशा वेळी डोळ्यांत दूध, मध, एरंडेल किंवा झाडपाल्याचा रस घालणे अत्यंत घातक आहे. दुकानातून आणलेले किंवा घरात उरलेले थेंबही घालू नयेत. त्यांत स्टेरॉईड असल्यास बुरशी अधिकच फोफावते.

तिसरी गोष्ट प्रखर प्रकाशाची. अवजारे जोडताना होणाऱ्या वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे व ग्रहणातील सूर्याकडे पाहणे, या दोन्ही गोष्टींनी डोळ्यांस इजा होते. निळ्या प्रकाशाची खरोखर भीती बाळगावयाची ती येथे.

काय करावे?

वरील विवेचनावरून शेतकरी कुटुंबांनी पुढीलप्रमाणे वागणे हितावह ठरेल.

१. झोपण्यापूर्वी निदान एक तास मोबाईल बाजूस ठेवावा. तो उशाशी न ठेवता हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.

२. रात्री फोन पाहणे भागच असेल तर पडद्याचे तेज कमी करावे. रात्री पाणी देण्यास जाताना मात्र विजेरी अवश्य वापरावी. तिचा झोत जमिनीवर पडतो, आणि सापविंचवाचे भय प्रकाशाच्या भयाहून मोठे आहे.

३. फोन डोळ्यांपासून दीड ते दोन विती दूर धरावा, अक्षरे मोठी करून घ्यावीत व अधूनमधून पापण्या मिटाव्यात. उन्हात नोंदी करावयाच्या असल्यास झाडाच्या सावलीत उभे राहावे.

४. चाळिशीनंतर एकदा डोळे तपासून वाचण्याचा चष्मा घ्यावा. मधुमेह असणाऱ्याने दर वर्षी दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.

५. मुलांना रोज उघड्यावर खेळू द्यावे. दोन तास मिळाल्यास उत्तम.

६. मळणी, ऊसतोड व फवारणी या कामांच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा. डोळ्यांत औषध उडाल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळे धुवावेत आणि रुग्णालय गाठावे. कूस किंवा पाते लागल्यास डोळा चोळू नये, व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

७. नजर मंद होणे, दिव्याभोवती वलये दिसणे किंवा एका डोळ्याने कमी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास 'मोबाईलमुळे झाले असेल' असे म्हणून दिवस घालवू नयेत. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत नेत्रतपासणी व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

पिकावर रोग दिसला असता जाणता शेतकरी प्रथम रोग ओळखतो आणि मगच औषध आणतो. पानावरील ठिपके करप्याचे असताना मावा मारण्याचे औषध फवारले तर पैसा जातो व पीकही जाते. डोळ्यांच्या बाबतीतही हाच विवेक राखला पाहिजे. मोबाईलचा निळा प्रकाश दृष्टी नेत नाही. तो रात्रीची झोप नेतो, आणि ती परत मिळविणे प्रत्येकाच्या हाती आहे. दृष्टी नेणारी कारणे ऊन, काडीकचरा व दुर्लक्ष ही आहेत. त्यांना वेळीच ओळखून आवर घातल्यास शेतकऱ्याचे डोळे उतारवयातही आपले शिवार नीट पाहू शकतील.